मूळ प्रत कोणाकडे?

सोमवार ते शुक्रवार आपण काय करतो ते जरा आठवा. हापिसात एखाद्या कॉन्फिग फाइलमधला एक आकडा बदलायचा असला तरी आधी ब्रँच काढतो, बदल करतो, कमिट करतो, का बदललं त्याची चिठ्ठी जोडतो, दोन सहकाऱ्यांना दाखवतो आणि मगच तो बदल पुढे जातो. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा ३० चा ६० कोणी आणि कधी केला, तर अर्ध्या मिनिटात उत्तर तयार. त्या एका आकड्याच्या प्रती दहा-बारा लॅपटॉपांवर आणि दोन-तीन सर्व्हरांवर सुखाने नांदत असतात.

आता शनिवारी सकाळी काय करतो? आठवडाभर डोक्यात जे काही शिजत होतं, जे कंपनीचं नाही, आपलं आहे, ते ब्राउझरमधल्या एका पांढऱ्या चौकोनात टंकतो. त्यात टंकलेलं कुठे साठतं, माहीत नाही. परवाच्या खर्ड्यात काय होतं आणि आज काय बदललं, कळायला मार्ग नाही. आपल्या डिस्कवर त्याची एकही प्रत नाही. "प्रकाशित करा"चं बटण दाबलं की आपण चहा प्यायला मोकळे.

म्हणजे मालकाचा आकडा तिजोरीत आणि स्वतःचे शब्द शेजाऱ्याच्या ओट्यावर! मंडळी, हे काही खरं नाही.

तर आजचं भांडण याच विषयावर. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मध्येच उठून जायचं असेल तर जाता येईल. ज्याला टर्मिनल उघडता येतं आणि ज्याला लिहायची हौस आहे, त्याने आपलं लिखाण साध्या टेक्स्ट फायलींत, स्वतःच्या मशीनवर ठेवावं आणि कमांड लाइनवरच्या एखाद्या छोट्या हत्याराने ते महाजालावर चढवावं. हे गीकांचं खूळ नाही. मूळ प्रत स्वतःकडे ठेवण्याचा मला माहीत असलेला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे.

शेजारी घर बदलतात

"अहो, एवढी मोठी कंपनी आहे, कुठे जातेय ती?" हा पहिला प्रश्न. कंपनी कुठे जात नाही, कबूल. पण तिची सेवा जाते, आणि लिखाण सेवेवर असतं.

उजळणीच करू. याहू ३६० वर किती मराठी लोकांनी पहिल्यांदा युनिकोडात चार ओळी लिहिल्या होत्या, आठवतं? २००९ मध्ये बंद. त्याच वर्षी जिओसिटीज बंद. विंडोज लाइव्ह स्पेसेस २०११ मध्ये बंद. पोस्टरस तर गंमतच: नुसता ईमेल पाठवला की लेख प्रकाशित, लोक जाम खूश. ट्विटरने २०१२ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि ३० एप्रिल २०१३ ला दुकानाला कुलूप. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. मायस्पेसने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना लोकांनी बारा-तेरा वर्षांत चढवलेली गाणी आणि फोटो गमावले. सॉरी म्हणाले ते. आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर टाइपपॅड बघा. २००३ पासून चालू असलेली, लोक पैसे भरून वापरत असलेली सेवा. २०२५ च्या ऑगस्टच्या शेवटी नोटीस, ३० सप्टेंबरला बंद. बावीस वर्षांच्या लिखाणाला साधारण महिनाभराची मुदत. भाडेकरूलासुद्धा याहून जास्त वेळ देतात हो.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण यापेक्षा मजेशीर आहे, कारण त्यात सेवा बंदही पडली नाही. मराठी अनुदिन्या प्रचंड संख्येने ब्लॉगस्पॉटवर. २०१२ पासून गूगलने भारतातल्या वाचकाला ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवरून आपोआप ब्लॉगस्पॉट डॉट इनवर न्यायला सुरुवात केली. साहजिकच लोकांनी जे दुवे कॉपी केले, एकमेकांना पाठवले, आपापल्या लेखांत डकवले, ते "डॉट इन"चे. आणि २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून निसटून भलत्याच कोणाकडे गेलं. "डॉट कॉम"वरचे लेख जागेवर होते, पण तिकडे जाणारे "डॉट इन"चे सगळे दुवे मेले. ज्या कंपनीच्या भरवशावर आपण "कुठे जातेय ती" म्हणतो, तिच्याकडूनही पत्ता सुटू शकतो. माझा मुद्दा गूगलला शिव्या घालण्याचा नाही. माझा मुद्दा असा की हे दुरुस्त करणं लेखकाच्या हातातच नव्हतं.

आता एक घरगुती उदाहरण. आमच्या हापिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईने निवृत्तीनंतर मालवणी स्वयंपाकावर लिहायला घेतलं. तिरफळं कधी घालायची आणि कधी अजिबात नाही, कुळथाच्या पिठीला कोकम किती, असलं सगळं. पाककृती कमी आणि आजोळच्या आठवणी जास्त. दीडएकशे लेख झाले. एका मोठ्या चकटफू सेवेवर. पुढे काकूंचा फोन नंबर बदलला, पासवर्ड विसरला, आणि जुन्या नंबरवर जाणारा ओटीपी कोणाच्या तरी तिसऱ्याच खिशात वाजायला लागला. कंपनीचं मदतपान मदतपानाकडेच परत पाठवतं. प्रसिद्ध झालेले लेख मुलाने एकेक करून चोप्य-पस्ते केले. दोन विकांत गेले त्यात. पण खर्डे? जवळपास चाळीस अर्धे लेख आत अडकलेत. त्यांत एक तिच्या सासूबाईंवरचा होता, गेलं वर्षभर ती तो लिहीत होती. सेवा ठणठणीत चालू आहे. कोणी काही बंद केलेलं नाही. फक्त लिहिणारी बाहेर आणि लिखाण आत.

मुलगा हापिसात रोज तीन वेळा गिट पुश करतो, हे मुद्दाम नमूद करतो.

हत्यार करतं तरी काय?

कमांड लाइन म्हटलं की लोकांना वाटतं हिरव्या अक्षरांचा काळा पडदा आणि हुडी घातलेला कोणीतरी. प्रत्यक्षात प्रकार इतका साधा आहे की निराशा होईल.

एक फोल्डर. त्यात प्रत्येक लेखाची एक टेक्स्ट फाइल. फायलीच्या डोक्यावर तीन आडव्या रेघांच्या दोन ओळी आणि त्यांच्यामध्ये शीर्षक, तारीख, विषय. खाली लेख. ठळक करायचं असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे, दुवा द्यायचा असेल तर कंस. ही मार्कडाउनची पद्धत, जॉन ग्रुबरने २००४ मध्ये आणलेली. ईमेलमध्ये लोक आधीपासून जे करत होते तेच त्याने नीट बांधून दिलं. हत्यार ते फोल्डर वाचतं, प्रत्येक फायलीचं एचटीएमएल करतं, तुमच्या साच्यात बसवतं, अनुक्रमणिका आणि आरएसएस बनवतं आणि दुसऱ्या फोल्डरात ठेवतं. ते दुसरं फोल्डर कुठल्याही सर्व्हरवर नेऊन टाका. संपलं.

कल्पना नवी नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला रेल डॉर्नफेस्टचं ब्लॉक्सम नावाचं एक छोटं पर्ल प्रोग्रॅमचं प्रकरण होतं: फोल्डरमध्ये टेक्स्ट फाइल टाकली की झाला लेख, फायलीची तारीख तीच लेखाची तारीख. २००८ मध्ये गिटहबच्या टॉम प्रेस्टन-वर्नरने जेकिल लिहिलं, स्वतःच्या लिखाणासाठी. २०१३ मध्ये स्टीव्ह फ्रान्सियाचं ह्यूगो आलं, गो भाषेत लिहिलेलं, एकच फाइल, उतरवा आणि चालवा. आणि अगदीच संन्यासी वृत्ती असेल तर बॅशब्लॉग आहे: सबंध हत्यार म्हणजे एक शेल स्क्रिप्ट. "पोस्ट" म्हटलं की तुमचा एडिटर उघडतो, लिहा, बंद करा, मग ती विचारते, प्रकाशित करू, परत लिहायचंय, की खर्डा म्हणून ठेवू? यापेक्षा जास्त अदब मी कुठल्या वेबसाइटकडून अनुभवलेली नाही :-)

ह्यूगोत हेच चार पायऱ्यांत होतं. एका कमांडने नव्या लेखाची फाइल तयार. दुसरीने स्वतःच्या मशीनवर छोटा सर्व्हर सुरू. ब्राउझरमध्ये १३१३ नंबरच्या पोर्टवर लेख दिसतो आणि फाइल जतन केली की पान आपोआप ताजं होतं. तिसरीने सगळी साइट बांधून होते. शे-दोनशे लेख असले तरी चहाचा घोट घ्यायला वेळ मिळत नाही. चौथी आर-सिंक किंवा गिट पुश, म्हणजे बदललेलं तेवढं वर चढवणं. या चारही एका दहा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये गुंडाळा आणि विसरून जा. "मला शेल स्क्रिप्ट येत नाही" ही सबब पूर्वी चालायची. आता एआयला सांगितलं तर तो दोन मिनिटांत लिहून देतो. वाचून मग चालवा, एवढंच.

वर मिळणारा फायदा असा की प्रकाशित साइट म्हणजे नुसत्या फायली. पान मागितलं की सर्व्हर फाइल उचलून देतो. मागे डेटाबेस नाही, पीएचपी नाही, "सतरा प्लगइन जुने झाले आहेत" असा दर मंगळवारचा तगादा नाही. जिथे लॉगिनच नाही तिथे पासवर्ड कोण फोडणार?

हे मराठीत लिहिणाऱ्याला जास्त लागू

इथे मला विशेष भांडायचं आहे, कारण ही हत्यारं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हती, आणि तरीही मराठीलाच त्यांची जास्त गरज आहे.

आपण एकदा ठेच खाल्लेली आहे. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरोघरच्या मशीनवर ती नीट दिसायला २००० चं दशक उजाडलं. तोवर आपण काय केलं? श्रीलिपी, आकृती, शिवाजी असल्या फाँटांत लिहिलं. फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवणार. फाँट गेला की लेखाचा भुगा. कितीतरी दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, प्रबंधांच्या फायली आज अशाच पडून आहेत. उघडतात, पण वाचता येत नाहीत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले, ते पंथाबाहेरच्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वाचता येत नव्हते. पण त्यांनी ते मुद्दाम केलं होतं! आपण बिनकामाचं केलं, आणि उकल करायला प्रत्येक फाँटमागे एक राजवाडे कुठून आणणार?

म्हणून पहिला नियम: फाइल साधी हवी आणि ती युनिकोडातच हवी, यूटीएफ-८ मध्ये. ती पन्नास वर्षांनीही कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशी पैज मी लावतो. कोणत्याही सेवेबद्दल अशी पैज लावायला कोणी तयार आहे का?

दुसरी गोष्ट खास आपली. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर, हलन्त आणि य असं देतात. काही साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण शोधायला गेलात तर एक सापडतो तेव्हा दुसरा सापडत नाही. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसाने मध्ये कीबोर्ड बदललेला असतोच, म्हणजे त्याच्या लिखाणात दोन्ही जाती नांदत असतात. "त्या शेतकऱ्याबद्दल मी कुठेतरी लिहिलं होतं" म्हणून शोधायचं आणि काही मिळत नाही, ते यामुळे. लेख टेक्स्ट फायलींत असतील तर सेडची एक ओळ तीनशे लेखांतले सगळे ऱ्य एका जातीचे करून टाकते, आणि काय काय बदललं ते गिट ओळीओळीने दाखवतो. लेख पांढऱ्या चौकोनात असतील तर एकेक उघडा, शोधा, बदला, जतन करा. तीनशे वेळा. कोण करतंय?

तिसरी गोष्ट, इथे मात्र हत्यारांचे कान उपटायला हवेत. शीर्षकावरून दुव्याचा पत्ता बनवताना बरीच सॉफ्टवेअरं देवनागरीचा खिमा करतात. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या हिशेबात मात्रा आणि वेलांट्या ही "अक्षरं"च नाहीत. त्यामुळे अक्षरं सोडून बाकी उडव म्हटलं की "मराठी"चं होतं "मरठ". च्यायला, एवढं वाचून तर हसूही येत नाही. आणि जिथे अक्षरं शाबूत राहतात तिथे पत्त्याचं पाहा: एक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्केवाली तीन चिन्हं. म्हणजे "मराठी" या पाच चिन्हांच्या शब्दाचे पंचेचाळीस. असा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की लोकांना व्हायरस वाटतो. उपाय सोपा आहे: फायलीचं नाव आणि पत्ता आपल्या हाताने, छोटा, रोमन अक्षरांत द्या. शीर्षक फायलीच्या आत, झोकात देवनागरीत. आणि कोणी हौसेने फायलींची नावं मराठीत ठेवली तर गिट त्यांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे दाखवतो, त्याने घाबरू नका. "कोअर डॉट कोटपाथ" नावाची सेटिंग बंद केली की नावं सरळ दिसतात.

आणि हो, टर्मिनलमध्ये मराठी घाण दिसते. बहुतेक टर्मिनलं प्रत्येक अक्षराला ठरलेला चौकोन देतात आणि आपली जोडाक्षरं त्यात मावत नाहीत. मान्य. पण लेख टर्मिनलमध्ये लिहा असं म्हटलंय कोणी? लेख तुम्हाला आवडेल त्या एडिटरमध्ये लिहा. टर्मिनल फक्त पाठवणीला.

आक्षेप आणि त्यांचा समाचार

"एक्स्पोर्टची सोय असते की!" असते. वर्डप्रेस देतं, ब्लॉगर देतं, आणि त्यांचे आभारच मानायला हवेत. पण एक्स्पोर्ट म्हणजे आठवणीने करायचं काम. शेवटचं कधी केलं होतं? बरोबर. साध्या फायलींच्या पद्धतीत एक्स्पोर्ट नावाचा प्रकारच उरत नाही, कारण तुमच्याकडची ती मूळ आणि महाजालावरची ती नक्कल. नक्कल बुडाली तर दुसरी काढू.

"मग गिटहब काय तुमच्या मामाचं आहे?" हा आक्षेप चांगला आहे. गिटहबही कंपनीच, २०१८ पासून मायक्रोसॉफ्टची. उद्या तिथलं चकटफू बंद झालं तर? तर काही नाही. गिटमध्ये तुमच्या मशीनवरची प्रत म्हणजे सगळा इतिहास, पहिल्या दिवसापासूनचा. दुसरीकडे पुश करायचं आणि डोमेनची दिशा बदलायची, एका दुपारचं काम. डोमेन तरी भाड्याचंच, हेही खरं. वर्षाला हजार-दीड हजार रुपये भरावे लागतात आणि विसरलात तर तुमचंही "डॉट इन" होईल. पण पत्ता गेला तरी घरातलं सामान घरातच राहतं.

"डिस्क उडाली तर?" सर्वांत मोठा आक्षेप म्हणून हा नेहमी येतो, म्हणून हिशेबच करू. अडीच हजार शब्दांचा मराठी लेख म्हणजे साधारण पंधरा हजार चिन्हं, म्हणजे जवळपास ४५ हजार बाइट. दर आठवड्याला एक, सलग वीस वर्षं लिहिलं तर १०४० लेख. सगळे मिळून ५० एमबीच्या आत! लग्नातल्या एका मिनिटाच्या व्हिडिओपेक्षा लहान. वीस वर्षांचं लिखाण चार ठिकाणी ठेवायला आपल्याला जड जात असेल तर प्रश्न डिस्कचा नाही, आळसाचा आहे.

"फोनवरून लिहिता येत नाही." येतं. गिट किंवा कुठलंही फाइल-सिंक जोडलेला टेक्स्ट एडिटर फोनवर टाका. बटण दाबण्याइतकं सोपं नाही, हे कबूल. लोकलमध्ये उभ्याने लिहायचं तर फोनमधल्या नोंदवहीत लिहा आणि घरी येऊन फायलीत आणा. तसंही उभ्याने लिहिलेला लेख एकदा बसून वाचलेला बरा.

"वाचकांचे प्रतिसाद कुठे येणार?" इथे ही पद्धत खरंच कमी पडते. स्थिर पानांवर प्रतिसाद घ्यायचे तर बाहेरची सेवा जोडावी लागते, म्हणजे पुन्हा शेजाऱ्याचा ओटा. माझं मत: खाली ईमेलचा पत्ता द्या. आणि ज्याला प्रतिसादांचा फडच भरवायचा आहे त्याने खुशाल फेसबुकावर किंवा सबस्टॅकवर लेख टाकावा. माझं भांडण तिथे टाकण्याशी नाहीच. आधी फायलीत, मग जिथे वाटेल तिथे. फक्त क्रम उलटा नको.

"मग काय आमच्या आईने टर्मिनल शिकायचं?" नाही! मी सुरुवातीलाच म्हटलं, ज्याला टर्मिनल उघडता येतं त्याने. काकूंनी शिकायची काहीच गरज नव्हती. त्यांच्या मुलाने त्यांच्यासाठी एक फोल्डर आणि एक स्क्रिप्ट करून द्यायची होती. काकू लिहितील, मुलगा चढवेल. घरातल्या माणसाचा इंटरनेटचा मोडेम, डीमॅट खातं आणि गॅसची सबसिडी आपण बघतोच ना? मग तिचं लिखाण का नाही?

आता घरच्या आघाडीवर

इथवर जे टाळ्या वाजवत होते त्यांच्याकडे वळतो. कारण कमांड लाइनवाल्यांची बदनामी बाहेरच्यांनी कमी केली आणि आपल्याच लोकांनी जास्त.

तुम्ही असली साइट पाहिली असेल. देखणी, वेगवान, रात्रीसाठी काळा रंग वेगळा. लेख तीन. पहिला: "जेकिल वापरून मी साइट कशी बनवली." दुसरा, दोन वर्षांनी: "जेकिलवरून ह्यूगोवर का आलो." तिसरा: "ह्यूगो सोडून इलेव्हन्टी." चौथा येईल तेव्हा कुठल्या हत्याराबद्दल असेल एवढंच कुतूहल उरतं. हा माणूस सुतार नाही, रंधे जमवणारा आहे. पाटावर रंधा फिरवायची वेळ आली की याला रंध्याचं पातं बदलायची आठवण होते.

हत्यारंसुद्धा मरतात, हे या मंडळींनी सांगायला हवं तर ते सांगत नाहीत. जेकिलवर बेतलेलं ऑक्टोप्रेस एके काळी काय गाजत होतं, आज नाव काढा. गॅट्सबीची कंपनी २०२३ मध्ये नेटलिफायने घेतली आणि त्यानंतर तिकडची वर्दळ ओसरली. मग ही हत्यारं आणि याहू ३६० यांत फरक काय? फरक एवढाच, पण तो सगळं काही आहे: हत्यार मेलं तरी फायली जिवंत राहतात. त्याच फायली दुसरं हत्यार वाचतं. सगळी हत्यारं मेली तर पॅनडॉक आहे, एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिलेला, २००६ पासून इमानेइतबारे चालू. तोही मेला तर नुसती फाइल उघडून वाचता येते, तारे आणि कंसांसकट.

म्हणून हत्यार निवडताना एकच प्रश्न विचारा: उद्या हे नाहीसं झालं तर माझ्या हातात काय उरतं? उत्तर "वाचता येणारी मराठी फाइल" असेल तर कुठलंही घ्या आणि गप्प लिहायला बसा. साचा कुरूप असू दे. लेखात त्या हत्याराचे खास शॉर्टकोड, खास टॅग घुसवू नका, तो पुन्हा फाँटचाच रोग आहे. ह्यूगोसारखी एकफाइली हत्यारं वापरत असाल तर तिची एक प्रत लिखाणाच्या फोल्डरशेजारीच ठेवा, म्हणजे नवी आवृत्ती आली आणि साचा मोडला तरी जुनी आहेच. आणि दहा लेख झाल्याशिवाय रंग बदलायचा नाही, असा एक कडक नियम.

थोडक्यात काय करायचं ते सांगतो आणि थांबतो. या विकांताला, सिनेमा बघून झाला की, आजवर जिथे जिथे लिहिलंत तिथून सगळं उतरवून घ्या. खर्ड्यांसकट. एक फोल्डर करा, वर्षाप्रमाणे लावा, गिट चालू करा, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत टाका. हत्यार नंतर निवडलं तरी चालेल. आणि घरात आई, बाबा, आत्या, मामा कोणी फेसबुकावर नाहीतर कुठल्या चकटफू सेवेवर लिहीत असेल तर त्यांचंही उतरवून घ्या. त्यांचा पासवर्ड त्यांना आठवतोय तोवर.

असो. चहा गार झाला. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर ईमेलचा पत्ता खाली आहेच, भांडायला केव्हाही या.